हिरवं दिसतंय, पण टेस्ट चालल्या किती?

या वेळी जँगोच्या (पायथन भाषेत वेब-सॉफ्टवेअर बांधायच्या चौकटीच्या) टेस्टबद्दलची, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमबद्दलची, पत्रं एकदम आली, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलंय. डेटाबेसच्या बॅकअपबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. पत्रं जागेसाठी छाटली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, कारण निम्म्या पत्रांत ऑफिसातल्या कोडची उणीदुणी असतात आणि हे मासिक साहेबलोकही वाचतात.

प्रश्न: ताई, आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. मुदत ठेव, आवर्त ठेव, पिग्मी, कर्जाचे हप्ते, ३१ मार्चची व्याज आकारणी, सगळं जँगोत आहे. ठेवींच्या ॲपमधली टेस्ट्स.पीवाय ही फाइल अडीच हजार ओळींच्या वर गेली होती. मी तिचे तुकडे करून टेस्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये सहा फाइली केल्या. व्याज_टेस्ट, मुदत_टेस्ट अशी नावं दिली. हात लागलाच होता म्हणून पिग्मी आणि अहवाल ही दोन ॲप्स 'विस्तार' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये हलवली. आधी ३१२ टेस्ट चालायच्या, आता १८७ चालतात. एकही एरर नाही, शेवटी ओके येतं. बाकीच्या टेस्ट गेल्या कुठे? आणि आमचे सीनियर म्हणतात की टेस्ट्स फोल्डरच्या इनिट फाइलमध्ये प्रत्येक फाइलमधून 'इम्पोर्ट स्टार' (त्या फाइलमधलं सगळं आत घेणं) करायलाच हवं. खरं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आकडा लक्षात ठेवलात म्हणून निभावलं. बहुतेक जण शेवटचं ओके बघतात आणि टर्मिनल बंद करून चहाला जातात. फेल झालेली टेस्ट ओरडून सांगते. जी सापडलीच नाही ती गप्प राहते, आणि तुम्हाला ओके मिळून जातं.

टेस्ट शोधायचं काम जँगो बव्हंशी पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्ट या साधनाकडे सोपवतं. कमांड ज्या फोल्डरमधून दिली तिथून ते खाली उतरत जातं आणि वाटेत चार चाळण्या लागतात. फोल्डरमध्ये इनिट फाइल आहे का? (नावाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असलेली, बहुतेक वेळा रिकामीच असते ती.) पायथन फाइलचं नाव 'टेस्ट'ने सुरू होतं का? आत टेस्टकेसपासून निघालेला क्लास आहे का? त्यातल्या मेथडचं नाव 'टेस्ट'ने सुरू होतं का? यातलं एखादं उत्तर 'नाही' आलं की त्या पुढचं सगळं गळून जातं. कुठे वॉर्निंगसुद्धा येत नाही.

तुमच्या पत्रात मला दोन गळती सरळ दिसतात आणि तिसरीचा संशय आहे.

पहिली, सहा फाइलींची नावं. शोधणारा 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या फाइली बघतो. व्याज_टेस्ट ही फाइल 'टेस्ट'वर संपते. टेस्ट_व्याज करा. नमुना बदलायचा पर्याय कमांडमध्ये आहे, त्याचं नाव पॅटर्न. पण तो वापरायचा तर प्रत्येकाला, प्रत्येक वेळी आठवायला हवा. नवीन आलेली मुलगी साधी कमांड देणार आणि तिला १८७चं ओके मिळणार. फाइलींची नावं बदलणं स्वस्त पडतं.

दुसरी, विस्तार फोल्डर. तिथे इनिट फाइल ठेवायची राहिली असणार. मग सॉफ्टवेअर कसं चालतं, असं विचाराल. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३पासून इनिट नसलेल्या फोल्डरमधूनही इम्पोर्ट चालतो, त्याला नेमस्पेस पॅकेज म्हणतात. त्यामुळे सर्व्हर उठतो, मायग्रेशन होतात, पिग्मीच्या पावत्याही निघतात. टेस्ट शोधणारा मात्र जुन्या वळणाचा आहे. इनिट दिसली नाही तर तो त्या फोल्डरात पाऊल टाकत नाही, मग आतल्या पिग्मी ॲपमध्ये सगळं शिस्तीत असलं तरी. ही गळती सगळ्यात फसवी, कारण प्रोग्रॅमला काहीही झालेलं नसतं. रिकामी फाइल तयार करा आणि ती गिटमध्ये (कोडचे बदल जपणाऱ्या साधनात) गेली का तेही बघा.

संशय आहे तो जुन्या टेस्ट्स.पीवायचा. ती पुसलीत की 'असू दे जरा' म्हणून तशीच ठेवलीत? फाइल आणि फोल्डर दोन्हींचं नाव टेस्ट्स असेल आणि फोल्डरमध्ये इनिट असेल, तर पायथन फोल्डरला मान देतं. शोधणारा फाइलीपाशी पोचल्यावर मॉड्यूल भलतीकडून इम्पोर्ट झाल्याची तक्रार करून थांबतो. हे उत्तम, निदान कळतं तरी. पण फोल्डरमध्ये इनिट नसेल तर उलटं होतं. जुनी फाइल जिंकते, तिच्यातल्या टेस्ट चालतात, आणि तुम्ही कष्टाने केलेल्या सहा फाइलींकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. नवीन फाइलीत मुद्दाम एक टेस्ट मोडून ठेवा आणि चालवा. तरीही ओके आलं तर समजा.

कोणत्या टेस्ट गेल्या हे अंदाजाने शोधू नका. व्हर्बॉसिटी (किती तपशील छापायचा तो पर्याय) दोन ठेवून चालवलं की प्रत्येक टेस्टचं नाव छापलं जातं. जुन्या कमिटवर जाऊन एक यादी काढा, आत्ताच्या कोडवर दुसरी, आणि ताडून बघा. यात दोन खोचा आहेत. ही नावं स्टँडर्ड एरर या वेगळ्या प्रवाहावर छापली जातात, म्हणून नेहमीसारखं आउटपुट फाइलीत वळवलं तर फाइल जवळपास रिकामी मिळते. दोन्ही प्रवाह वळवा. आणि प्रत्येक नावापुढे मॉड्यूलचा पत्ता असतो. फाइली फोडल्यावर तो बदलणारच, त्यामुळे नुसता डिफ मारलात तर सगळ्याच ओळी वेगळ्या दिसतील. क्लासचं आणि मेथडचं नाव तेवढं ठेवा, क्रम लावा, मग ताडा.

हे सगळं केल्यावर आकडा ३१२च्या वर गेला तर दचकू नका. अडीच हजार ओळींच्या फाइलीत एकाच नावाचे दोन क्लास असणं अगदी शक्य आहे. कोणीतरी कॉपी-पेस्ट करतं, नाव बदलायचं विसरतं. पायथनमध्ये नंतरचा क्लास आधीच्याला झाकून टाकतो, तेही न बोलता. आता ते दोन वेगवेगळ्या फाइलींत गेले की झाकलेला उघडा पडतो, आणि कधीच न चाललेल्या टेस्ट पहिल्यांदा चालतात. त्यातल्या काही फेल होतील. हा तुमच्या फाइली फोडण्याचा दोष नाही, सीनियरना तसं सांगा.

आता त्या सीनियरांचं. त्यांचं म्हणणं एके काळी शंभर टक्के खरं होतं. जँगो १.६ नोव्हेंबर २०१३मध्ये आलं. त्याच्या आधीचा रनर (टेस्ट शोधून चालवणारा भाग) इन्स्टॉल्ड ॲप्समधल्या प्रत्येक ॲपच्या फक्त दोन फाइली बघायचा, मॉडेल्स आणि टेस्ट्स. बाकी कुठे काही ठेवलं तर त्याच्या लेखी ते नव्हतंच. म्हणून लोक टेस्ट्सचं फोल्डर करायचे आणि त्याच्या इनिटमध्ये स्टार इम्पोर्ट करून सगळं त्या एका दारातून आत घ्यायचे. गंमत म्हणजे तेव्हा नुसती टेस्ट कमांड दिली की जँगोच्या स्वतःच्या लॉगिन वगैरे ॲप्सच्या शेकडो टेस्टही तुमच्याबरोबर चालायच्या, आणि आपल्या पाच टेस्टसाठी माणूस ताटकळत बसायचा. १.६मध्ये डिस्कव्हर रनर आला आणि हे संपलं. जुना रनर १.८मध्ये काढूनच टाकला. नेटवर दोन्ही मतं दिसतात, कारण दोन्ही काळातले लेख अजून तिथेच पडून आहेत. लेख वाचताना आधी तारीख बघावी.

तेव्हा स्टार इम्पोर्ट काढा. राहिले तरी तुमच्या आकड्यावर परिणाम होणार नाही, कारण तोच क्लास दोन वाटांनी सापडला तर आजचं जँगो दुसरी प्रत गाळतं. पण नवी फाइल टाकल्यावर इनिटमध्ये ओळ घालायची असते, असा समज टीममध्ये टिकून राहतो.

रचनेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. टेस्ट त्या त्या ॲपच्या आत ठेवाव्यात, वर एक मोठं सामाईक फोल्डर करू नये, असं माझं मत आहे. ॲप हललं की टेस्ट सोबत जातात. अनेक ॲप्सना छेदणाऱ्या, म्हणजे खातं उघडण्यापासून व्याज जमा होईपर्यंतच्या मोजक्या टेस्टसाठी वेगळं फोल्डर असू द्या. ॲपच्या आत टेस्ट_मॉडेल्स, टेस्ट_व्ह्यूज, टेस्ट_फॉर्म्स अशी वाटणी सगळीकडे दिसते. मला ती पटत नाही. तुमच्याकडे उद्या सहकार खात्याचा आदेश आला तर तो 'मॉडेल'बद्दल नसेल. तो मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीवरच्या व्याजाबद्दल असेल. तेव्हा टेस्ट_मुदतपूर्व ही एक फाइल उघडून सगळे नियम एका जागी दिसले पाहिजेत. व्याज, मुदतपूर्व, नूतनीकरण, वारसनोंद, अशा कामाच्या नावाने फाइली करा. सहा ऐवजी नऊ झाल्या तरी चालतील.

व्याजाचं निव्वळ गणित ज्या टेस्टमध्ये आहे त्यांना जँगोचा टेस्टकेस नको, सिंपलटेस्टकेस घ्या. तो डेटाबेसला हात लावू देत नाही. कोणी चुकून क्वेरी केली तर टेस्ट तिथेच मोडते. त्यातून कळतं की गणित आणि खात्याचं रेकॉर्ड एकमेकांत गुंतलेत. रुपये-पैशाचं रिपोर्टिंग करणाऱ्या कोडमध्ये हा गुंता सोडवला की अर्धी दुखणी कमी होतात. बाकी टेस्टना खातेदार, शाखा, योजना हा पसारा लागतोच. तो प्रत्येक टेस्टआधी नव्याने मांडू नका. सेटअप-टेस्ट-डेटा ही क्लास मेथड १.८पासून आहे. ती प्रत्येक क्लासला एकदाच चालते आणि प्रत्येक टेस्टने केलेले बदल ट्रान्झॅक्शन मागे घेऊन पुसले जातात. ३०० टेस्टच्या प्रोजेक्टमध्ये फरक घड्याळात दिसतो.

मदतीच्या फाइलीचं नाव टेस्ट_हेल्पर्स ठेवू नका, शोधणारा तीही उघडून बसतो. 'बेस' किंवा 'सामान' ठेवा. आणि एक सामाईक मूळ क्लास करून त्यात टेस्ट मेथड लिहिणार असाल, तर तो टेस्टकेसपासून काढू नका, साधा मिक्सिन (दुसऱ्या क्लासमध्ये मिसळायचा क्लास) ठेवा. नाहीतर जँगो त्या मूळ क्लासलाही टेस्ट समजून चालवतं आणि तो बिचारा अर्धवट असल्यामुळे फेल होतो.

प्रश्न: मॅडम, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रंथालयाचा प्रोजेक्ट जँगोत करतोय. टेस्ट केसच्या क्लासमध्ये मेथडची नावं मुद्दाम मराठीत, देवनागरीत लिहिली, उदा. तपासा_दंड_बरोबर_आहे_का. पायथन काही बोललं नाही. पण चालवल्यावर शून्य टेस्ट दाखवतं. मित्र म्हणतो 'नो टेस्ट्स रॅन' असं काहीतरी येतं त्याच्याकडे, माझ्याकडे ओके येतं. मराठी चालत नाही का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर: चालतं रे. पायथन ३मध्ये नावांत देवनागरी अक्षरं चालतात, काना-मात्रेसकट. अडलंय ते पहिल्या शब्दाशी. मेथडचं नाव रोमन लिपीतल्या लहान अक्षरांच्या 'टेस्ट'नेच सुरू झालं पाहिजे, देवनागरीतलं 'टेस्ट'सुद्धा त्याला कळत नाही. तेवढा रोमन 'टेस्ट' आणि अंडरस्कोर आधी लाव आणि पुढे खुशाल दंड_बरोबर_आहे लिही. हा उपसर्ग बदलता येतो, लोडरमध्ये तशी सोय आहे, पण त्या वाटेला जाऊ नकोस. उद्या दुसऱ्या कोणी तुझा प्रोजेक्ट चालवला की पुन्हा शून्य.

देवनागरीत टाइप करताना एक जपायचं. काही कीबोर्ड जोडाक्षरांमध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. स्क्रीनवर शब्द अगदी बरोबर दिसतो आणि पायथन सिंटॅक्स एरर देतं. तसं झालं तर शब्द पुसून दुसऱ्या कीबोर्डने टाइप कर.

मित्राचं म्हणशील तर त्याच्याकडे पायथन ३.१२ किंवा नंतरचं असणार. एकही टेस्ट सापडली नाही तर तिथे ओकेऐवजी 'नो टेस्ट्स रॅन' असं छापतात. तुझ्या जुन्या आवृत्तीत शून्य टेस्टलाही ओके मिळतं. शक्य असेल तर आवृत्ती वाढव.

तुला नवं ॲप करताना टेस्ट्स.पीवाय आयतीच मिळाली असेल, आत 'तुमच्या टेस्ट इथे लिहा' अशा अर्थाची एक कॉमेंट. पूर्वी त्या फाइलीत एक तयार टेस्ट असायची, एक अधिक एक बरोबर दोन. आम्ही तिला हसायचो, पण नवख्याला आकडा शून्याऐवजी एक दिसायचा आणि यंत्रणा चालतेय हे कळायचं. तू पहिल्या दिवशी तशी एक लिही, आकडा एक झालेला बघ, मग दंडाकडे वळ. दंडाच्या टेस्टमध्ये पुस्तक सुट्टीच्या दिवशी परत करायचं असेल तर काय होतं हेही तपास. परीक्षक नक्की विचारतील.

प्रश्न: आमच्या रेपॉझिटरीत बॅकएंड आणि फ्रंटएंड अशी दोन फोल्डर आहेत. मॅनेज.पीवाय बॅकएंडमध्ये आहे. सीआयची (प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेची) स्क्रिप्ट रेपॉच्या मुळातून 'पायथन बॅकएंड/मॅनेज.पीवाय टेस्ट' अशी कमांड देते. कित्येक महिने हिरवं होतं. परवा लॉग उघडला तर शून्य टेस्ट! लॅपटॉपवर मात्र सगळ्या चालतात. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: लॅपटॉपवर तुम्ही आधी बॅकएंडमध्ये जाता आणि मग कमांड देता, हो ना? वर सांगलीच्या उत्तरात लिहिलंय ते इथे लागू पडतं. शोध सुरू होतो तो कमांड जिथून दिली त्या फोल्डरपासून, मॅनेज.पीवाय जिथे आहे तिथून नाही. सीआयमध्ये तो रेपॉच्या मुळापासून निघतो. समोर बॅकएंड फोल्डर, त्यात इनिट नाही (असायचं कारणही नाही, तो प्रोजेक्टचा उंबरठा आहे), म्हणून आत शिरत नाही. फ्रंटएंडमध्ये पायथन नाही. संपलं.

इथे बॅकएंडमध्ये इनिट टाकायचा मोह होईल, टाकू नका. मग ॲप्सचे पत्ते दोन प्रकारे लागायला लागतात आणि इम्पोर्टचे वेगळेच घोळ सुरू होतात. एक तर स्क्रिप्टमध्ये आधी बॅकएंडमध्ये जा, नाहीतर कमांडच्या शेवटी बॅकएंड हा फोल्डर नाव घेऊन सांगा.

पण तेवढ्यावर सोडू नका. जँगोची टेस्ट कमांड फेल झालेल्या टेस्ट असतील तरच नापास कोड परत करते. शून्य टेस्टमध्ये फेल शून्य, म्हणजे पास. पायथन ३.१२मध्ये थेट युनिटटेस्ट चालवलं तर शून्य टेस्टला ५ हा नापास कोड येतो, पायटेस्ट या टेस्ट चालवायच्या दुसऱ्या साधनातही ५ येतो. मॅनेज.पीवायच्या वाटेने गेलात तर तो मिळत नाही, स्क्रीनवर 'नो टेस्ट्स रॅन' दिसतं पण सीआय स्क्रीन वाचत नाही. म्हणून डिस्कव्हर रनरचा एक छोटा उपक्लास लिहा. त्यात बिल्ड-सूट ही मेथड मूळची बोलवा, आलेल्या सूटमधल्या टेस्ट मोजा, आणि शून्य असतील तर एरर फेका. सेटिंग्जमध्ये टेस्ट रनर म्हणून त्याचा पत्ता द्या. सहासात ओळींचं काम आहे. पण एकच टेस्ट नाव देऊन चालवतानाही हाच रनर येतो, त्यामुळे 'किमान तीनशे' असली अट त्यात घालू नका. तशी अट हवीच असेल तर ती सीआयच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

त्या महिन्यांत किती बग सुटून गेले याचा हिशेब मागायला कोणी आलं तर माझ्याकडे उत्तर नाही. आज सगळ्या चालवा आणि जे लाल दिसेल त्याची तारीख गिटमध्ये शोधा.

प्रश्न: नवीन सहकाऱ्याने पायटेस्ट आणलं. त्याच प्रोजेक्टवर जँगोच्या कमांडने ९० टेस्ट, पायटेस्टने ३४. कोण खरं? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर: तुमच्या बऱ्याच ॲप्समध्ये अजून टेस्ट्स.पीवाय असणार. पायटेस्ट मुळात 'टेस्ट_'ने सुरू होणाऱ्या किंवा '_टेस्ट'वर संपणाऱ्या फाइली बघतं. टेस्ट्स.पीवाय या दोन्हींत बसत नाही, अंडरस्कोरच नाही. पायटेस्टच्या सेटिंगमध्ये पायथन-फाइल्स असा पर्याय आहे, तिथे टेस्ट्स.पीवायचं नाव घाला. सहकाऱ्याने सुटी फंक्शनं लिहायला सुरुवात केली असेल तर ती उलट बाजूने हरवतील, कारण जँगोचा रनर क्लासबाहेरची फंक्शनं उचलत नाही. दोन्ही चालू ठेवण्यात अर्थ नाही, एक निवडा. पायटेस्ट निवडलंत तर दोन गोष्टी: एका टेस्ट फाइलमधला क्लास दुसरीत इम्पोर्ट केला तर पायटेस्ट तो दोन्हीकडे चालवतं, जँगोसारखं गाळत नाही. आणि इनिट नसलेल्या दोन फोल्डरांत एकाच नावाची फाइल असेल तर ते भांडतं. ठेवीतही टेस्ट_व्याज आणि कर्जातही टेस्ट_व्याज असेल तर इनिट ठेवाच.

प्रश्न: मोठी टेस्ट फाइल फोडून चार केल्या. आकडा बरोबर जुळला. पण आता एक टेस्ट एकटी चालवली तर पास, सगळ्यांसोबत फेल. फोडण्याआधी असं नव्हतं. माझ्या मशीनवर तर कधीच फेल होत नाही, ऑफिसच्या सर्व्हरवरच होते. घरी डेटाबेस एसक्यूलाइट आहे, ऑफिसात पोस्टग्रेस. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: शेवटचं वाक्य लिहिलंत हे फार चांगलं केलंत. त्या टेस्टमध्ये कुठेतरी 'आयडी बरोबर १' असं गृहीत धरलेलं असणार. पावती क्रमांक १ची पीडीएफ उघडा, ग्राहक १चं पान आणा, अशा प्रकारचं काहीतरी.

टेस्ट संपली की जँगो ट्रान्झॅक्शन मागे घेतं आणि रेकॉर्ड पुसली जातात. पण पोस्टग्रेसचा क्रमांक देणारा सीक्वेन्स मागे जात नाही. आधीच्या टेस्टने तीन पावत्या केल्या असतील तर पुसल्यानंतरही पुढची पावती ४ क्रमांकाची. एसक्यूलाइटमध्ये ही नोंद एका टेबलातच असते, तीही ट्रान्झॅक्शनबरोबर मागे जाते आणि पुन्हा १पासून सुरुवात. म्हणून तुमच्या घरी सगळं गोड.

आधी फेल होत नव्हती, कारण शोधणारा फाइली नावाच्या क्रमाने घेतो आणि मेथडही नावाच्या क्रमाने. एका फाइलीत ही टेस्ट योगायोगाने पुढे होती. फोडल्यावर तिच्याआधी दुसरी फाइल आली. टेस्टमध्ये आकडा लिहू नका, जे रेकॉर्ड तयार केलं त्याचाच आयडी विचारा. सीक्वेन्स पुन्हा १वर आणायची सोय ट्रान्झॅक्शनटेस्टकेसमध्ये आहे, पण ती टेस्ट फार हळू चालते. एका आकड्यासाठी तो खर्च करू नका.

कारण आयडी नसेल तर कॅशे (पुन्हा लागेल म्हणून तात्पुरता जपलेला डेटा) बघा. लोकल मेमरी कॅशेमधलं काही डेटाबेसबरोबर मागे जात नाही, ते हाताने पुसावं लागतं. मीडिया फोल्डरमध्ये टेस्टने टाकलेल्या फाइलीही तशाच राहतात, आणि मॉड्यूलच्या वरच्या भागातल्या लिस्टमध्ये भर घातली असेल तर तीही.

पोस्टग्रेस घरीही बसवा आणि मग मुद्दाम क्रम बिघडवून बघा. रिव्हर्स हा पर्याय १.८पासून आहे, उलट क्रमाने चालवतो. जँगो ४.०पासून शफल आहे, तो पत्ते पिसतो आणि शेवटी वापरलेला सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) छापतो. फेल झाली की तो सीड टिपून ठेवा, पुन्हा शफलला तोच दिला की तोच क्रम मिळतो आणि सहकाऱ्याच्या मशीनवरही तीच टेस्ट त्याच जागी पडते. कोणत्या टेस्टमुळे पडते हे शोधायला बायसेक्ट नावाचा पर्याय वाचनात येईल. तो जँगोच्या स्वतःच्या टेस्ट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे, तुमच्या मॅनेज.पीवायमध्ये नाही. तुम्हाला हातानेच अर्ध्या-अर्ध्या फाइली देऊन गाळत जावं लागेल. चारच फाइली आहेत, अर्ध्या तासाचं काम.